२२ च्या वर क्रेडिट मागायला गेले तेव्हा

आमच्याकडं बीएस्सीला एका सेमिस्टरला २२ क्रेडिट असतेत, क्रेडिट म्हणजे एखाद्या पेपरला किती तास द्यायचे त्याचं माप. नवीन शैक्षणिक धोरणाचा (एनईपी) शासन निर्णय २० एप्रिल २०२३ ला निघाला, ऑटोनॉमस कॉलेजांत ते २०२३-२४ ला सुरू झालं आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून, म्हणजे आमचीच पहिली बॅच. त्यात सेमिस्टरला २० ते २२, वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२ क्रेडिट असं बसवलंय, आमच्या तक्त्यात वरचा आकडा आहे. मला त्यापेक्षा जास्त घ्यायचे होते. त्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला काय काय केलं ते लिहायलेय, कारण ज्युनियरच्या पोरी सारख्या तेच विचारायल्यात आणि प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहिलेलं बरं.

जास्त का पाहिजे होते तर घरचं कारण. आमचं गाव औसा तालुक्यात, कॉलेज लातूरला, मी रोज एसटीनं जाऊन येऊन करते. धाकटा भाऊ नीटची तयारी करतोय, त्याची क्लासची फी, रूम, मेस सगळं आप्पांच्या सोयाबीनवर आणि तुरीवर. २०२४ च्या नोव्हेंबरात पेपरला बातमी आली होती की यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आता तीन वर्षांची डिग्री लवकर संपवायला परवानगी देणार, अडीच वर्षात, म्हणजे सहाऐवजी पाच सेमिस्टरमध्ये. आप्पांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. पुढं एप्रिल २०२५ मध्ये त्याचे नियम पण निघाले. आप्पा म्हणले, "विचार की माय कॉलेजात, विचारायला काय पैसे लागतेत का? सहा महिने वाचले तर बीएडला लवकर लागशील."

म्हणून जूनमध्ये मी आधी ऑफिसला गेले. खिडकीवरच्या भाऊसाहेबांना विचारलं की मला या सेमला २२ च्या जागी २८ क्रेडिट घ्यायचेत, कुठला फॉर्म भरू. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवला. म्हणले, "बाई, हे बघ, तिसऱ्या सेमचे एवढेच पेपर पोर्टलला दिसायलेत. याच्यावर एक क्रेडिट टाकायचा म्हणलं तरी इथं जागाच नाही." ते खरं होतं. तक्ता आधीच भरलेला असतो, मेजर म्हणजे मुख्य विषय ८, मायनर म्हणजे जोडविषय ४, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा पेपर २, व्होकेशनल स्किल २, भाषेचे २, फिल्ड प्रोजेक्ट २ आणि को-करिक्युलर २, ज्यात आमचं एनएसएस येतं. झाले २२. यातलं आपण निवडायचं ते मायनर कुठला आणि ओपन इलेक्टिव्ह कुठला एवढंच, आकडा निवडायचा नाही. भाऊसाहेबांनीच सांगितलं की एनईपीचं सगळं बघणाऱ्या मॅडम आहेत त्यांच्याकडं जा, आणि खरं सांगते त्यांनी तेवढं सांगितलं नसतं तर मी तिथूनच परत आले असते.

मॅडमकडं गेले तेव्हा त्या प्रॅक्टिकल घेत होत्या, संपेपर्यंत थांबले. मला वाटलं नियम सांगून वाटेला लावतील, पण त्यांनी वही काढायला लावली आणि म्हणल्या आपण आधी हिशोब करू, नियम नंतर.

तो हिशोब सगळ्यांनी एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं म्हणून इथं पूर्ण देते. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास वर्गात, म्हणजे आठवड्याला एक लेक्चर. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन तास. हे फक्त कॉलेजातले. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जो आहे त्यात क्रेडिट वेगळ्या पद्धतीनं मोजलाय, त्यात वर्ग, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं धरून एका क्रेडिटला ३० तास, आणि वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास. आता आमचे २२ घ्या. २२ गुणिले ३० झाले ६६० तास, सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४४ तास. म्हणजे सोमवार ते शनिवार रोज सात तासांच्या वर, एवढं काम आधीच आमच्या डोक्यावर आहे आणि आम्हाला ते कुणी कधी असं सांगितलंच नव्हतं.

मग पाच सेमिस्टरचं गणित. डिग्रीला १३२ लागतेत, माझे दोन सेमचे ४४ झालेले. राहिले ८८. ते तीन सेममध्ये संपवायचे म्हणलं तर प्रत्येक सेमला २९ च्या वर. २९ क्रेडिटचे आठवड्याला ५८ तास. मॅडम म्हणल्या, "आता यात तुझी एसटी मिळव." माझे जाऊन-येऊन दोन-अडीच तास रोजचे, शिवाय स्टँडवर थांबायचं वेगळंच, बस कधी वेळेवर कधी नाही. मी ते सगळं मिळवलं आणि आठवड्याचा आकडा ७० च्या पुढं गेला. त्यात स्वयंपाक नाही, रानातलं काम नाही, आजारपण नाही.

मी लगेच मागं हटले नाही पण. मी म्हणले मॅडम हॉस्टेलला राहिले तर? त्यांनी मग नियम सांगितला. यूजीसीच्या नियमात लवकर संपवायची सोय आहे त्याला ॲक्सिलरेटेड डिग्री म्हणतेत. पण ती मागेल त्याला नाही. पहिलं किंवा दुसरं सेमिस्टर संपल्यावर कॉलेजची कमिटी तुमचे मार्क आणि तुमची झेप बघून ठरवणार, आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच पोरं त्यात घेता येतेत. एकूण क्रेडिट तेवढेच, सिलॅबस तोच, फक्त दर सेमला जास्तीचे उचलायचे. आणि मुख्य म्हणजे विद्यापीठानं ते आपल्या नियमात घेऊन परिपत्रक काढल्याशिवाय संलग्न कॉलेजला काही करता येत नाही. आमच्याकडं तेव्हा ते आलेलं नव्हतं. आमचीच पहिली बॅच, वरची पोरं या नव्या तक्त्याची नाहीत, तर पाचव्या सेमचा पेपर तिसऱ्या सेमच्या पोरीला शिकवणार कोण आणि कधी, हा पण प्रश्न आहेच. आमच्या डिपार्टमेंटला सर-मॅडम मोजकेच, त्यातले काही तासिका तत्त्वावर. कागदावर मर्यादा क्रेडिटची असते पण खरी मर्यादा शिकवणाऱ्या माणसांची आणि टाईमटेबलची असते, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

घरी येऊन आप्पांना वही दाखवली. ते दहावी शिकलेत, हिशोब त्यांना लगेच कळतो. दोनदा बोट फिरवून बघितलं आणि म्हणले, "नको मग. माणूस आहे का बैल."

एवढ्यावर विषय संपला असता पण वर्गातली एक मैत्रीण म्हणली की मी बीएस्सीसोबत मुक्त विद्यापीठाचं बीए करायलेय, मला कुणी अडवलं नाही, मग तुला २२ च्या वर सहा क्रेडिट का देत नाहीत? बरोबर प्रश्न आहे. एप्रिल २०२२ पासून यूजीसीनं एका वेळी दोन डिग्र्या करायला मुभा दिलीय, एक रेग्युलर कॉलेजची आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते, दोन्ही रेग्युलर असतील तर तासांची वेळ एकमेकांवर यायला नको. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यामुळं आमच्याकडं लई जणांना सोयीचं पडतं. पण त्या डिग्रीचे क्रेडिट त्या डिग्रीला, ते बीएस्सीच्या १३२ मध्ये येत नाहीत. तिला दोन डिग्र्या मिळणार, पण बीएस्सी तिची सहा सेमचीच. मला ते नको होतं.

मग स्वयम, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. स्वयमवर कोर्स फुकट शिकता येतो, परीक्षा द्यायची तर फी भरायची. आठ आठवड्यांचा कोर्स दोन क्रेडिटचा. मला वाटलं असे दोन-तीन कोर्स जादा करून ठेवले तर शेवटच्या सेमला तेवढं ओझं कमी होईल. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यातच सगळ्यांची गल्लत व्हायलीय. स्वयमचा क्रेडिट २२ च्या *वर* बसत नाही, २२ च्या *आत* बसतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं एका सेमिस्टरमधल्या एकूण कोर्सच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतेत, आधी ही मर्यादा २० टक्के होती. पण ते तुमच्या तक्त्यातल्या एखाद्या पेपरच्या बदल्यात. जादा केलात तर सर्टिफिकेट मिळतं, ज्ञान मिळतं, पण डिग्रीचा एकही पेपर त्यानं कमी होत नाही जोपर्यंत कॉलेजनं तो आधी मान्य केलेला नाही. "आधी" हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्याच कॉलेजातल्या एकानं कोर्स करून, परीक्षा देऊन, चांगले मार्क घेऊन मग अर्ज केला आणि ते क्रेडिट कुठंच धरता आले नाहीत.

मॅडमनी मला विचारलं, "तुला खरं पाहिजे काय? क्रेडिट का वेळ?" त्या प्रश्नानं गाडी रुळावर आली. माझं ओपन इलेक्टिव्ह शेवटच्या तासाला होतं, कारण वेगवेगळ्या विभागांची पोरं एकत्र बसवायची तर तेवढीच वेळ मोकळी असते. त्या तासाला थांबलं की आमच्या गावाकडची बस जायची आणि पुढची अंधार पडल्यावर. पावसाळ्यात फाट्यावरून गावापर्यंत चालत यायचं, आई फाट्यावर येऊन उभी राहायची. मग ठरलं की ओपन इलेक्टिव्हचेच दोन क्रेडिट स्वयमवरून करायचे. विषय अर्थशास्त्राचा घेतला, सायन्सच्या पोरांना ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं आणि मला बाजारभाव, हमीभाव हे सगळं समजून घ्यायचंच होतं.

प्रोसेस अशी. आधी स्वयमच्या साईटवर जुलैच्या सत्राची यादी बघायची, त्यातला कोर्स निवडायचा, त्याचा सिलॅबस प्रिंट काढायचा. त्यावर एचओडींना म्हणजे विभागप्रमुखांना अर्ज, की अमुक पेपरच्या बदल्यात हा कोर्स करायची परवानगी मिळावी. एचओडी बघतेत की क्रेडिट तेवढेच आहेत का, आपल्याच कुठल्या पेपरशी सिलॅबस जुळत नाही ना. मग कॉलेजचे स्वयमचे कोऑर्डिनेटर, मग प्राचार्यांची सही, मग ऑफिसला आवक-जावक. त्या अर्जाची शिक्का मारलेली झेरॉक्स मी अजून जपून ठेवलीय आणि तुम्हाला पण सांगते, ती झेरॉक्स घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नंतर रिझल्टला तीच कामाला येते.

मध्ये नावाचा घोळ झाला. क्रेडिट जमा होतेत अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, २०२१ ला सुरू झालेली, डिजिलॉकरवरून तिचं खातं निघतं. डिजिलॉकर आधारवरचं नाव घेतं, आधारवर माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आणि कॉलेजच्या रेकॉर्डला मार्कशीटप्रमाणं. शिवाय आप्पांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. स्वयमला रजिस्टर करताना मी आधारप्रमाणं नाव टाकलं आणि कॉलेजला एक अर्ज देऊन ठेवला की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, सोबत दोन्हीच्या झेरॉक्स. स्पेलिंग आधार केंद्रावरून दुरुस्त करून घेतलं. हे काम कोर्स सुरू व्हायच्या आधी करा, ऐन परीक्षेत हे करायला लागलात तर रडकुंडीला याल.

शिकणं मात्र मस्त झालं. व्हिडिओ इंग्रजीत होते, सुरुवातीला अवघड गेलं, एकेक व्हिडिओ दोनदा बघायचे. बसमध्ये बघायचे, नेटवर्क जायचं म्हणून रात्री घरी डाऊनलोड करून ठेवायचे. असाइनमेंटचे ३० टक्के आणि शेवटच्या परीक्षेचे ७० टक्के असं त्याचं गणित असतं. आणि मग सप्टेंबर आला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आम्ही जन्मात बघितला नव्हता, नदीकाठची रानं खरवडून गेली, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. आमच्या ओढ्यावरून पाणी वाहत होतं, एसटी बंद, कॉलेजला जाता येईना. लाईट पण जायची. त्या दिवसात कॉलेजच्या तासांची हजेरी बुडाली पण स्वयमची असाइनमेंट मी शेजारच्या काकांकडं इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून वेळेत भरली. आप्पा रानातून आले की काही बोलायचे नाहीत. मी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून मागणी-पुरवठ्याचं लेक्चर ऐकत बसलेली असायचे आणि भिजलेल्या सोयाबीनला काय भाव लागणार हे डोळ्यांनी बघत असायचे. अर्थशास्त्र तेव्हा जेवढं समजलं तेवढं वर्गात कधी समजलं नसतं.

परीक्षेचं सेंटर बाहेरगावी आलं, आप्पा सोबत आले. पास झाले. मार्क कॉलेजकडं यायला वेळ लागला, तोपर्यंत तिसऱ्या सेमच्या रिझल्टमध्ये त्या दोन क्रेडिटची जागा रिकामी, एकूण २० च दिसायले. घाबरू नका, तेव्हा ती शिक्क्याची झेरॉक्स आणि स्वयमचं सर्टिफिकेट लावून परत अर्ज द्यायचा. माझे २२ पूर्ण झाले.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. आमच्या वर्गात केज तालुक्यातला एक पोरगा आहे, हुशार आहे, गणितात माझ्यापेक्षा पुढं. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातेत. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, उचल आधीच घेतलेली असते, आणि मार्चपर्यंत कारखान्यावर. यंदा वडिलांची पाठ गेली म्हणून कोयत्याला आईसोबत हा गेला. चौथं सेम नेमकं त्याच काळात. मी त्याच्यासाठी मॅडमकडं गेले तेव्हा कळलं की यूजीसीच्या त्याच नियमात दुसरी बाजू पण आहे, एक्स्टेंडेड डिग्री. लवकर संपवायची तशी सावकाश करायची सोय. दर सेमला कमी क्रेडिट घ्यायचे आणि जास्तीत जास्त दोन सेमिस्टर वाढवून डिग्री पूर्ण करायची. डिग्री तीच, किंमत तीच, कुणी कमी लेखायचं नाही असं नियमातच म्हणलंय. पेपरला जी बातमी आली होती तिच्या मथळ्यात अडीच वर्षाचंच होतं, हे खाली दोन ओळीत होतं, आप्पांच्या कात्रणात मी ते परत जाऊन बघितलं.

मराठवाड्यात २८ क्रेडिट मागणारी माझ्यासारखी एखादी असेल. पण १२ च घेऊ द्या, बाकीचे पुढच्या वर्षी करतो, असं म्हणायची गरज असलेली पोरं प्रत्येक वर्गात आहेत. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याला कंपनीत सहा महिने, कुणाचं लग्न झालंय आणि लेकरू लहान आहे. आज त्यांच्यापुढं रस्ता काय, तर २२ चे २२ क्रेडिट नावावर लागणार, परीक्षेला यायला जमलं नाही की गैरहजर, एटीकेटी, परत फी, आणि मार्कशीटवर नापासाचा डाग. तो पोरगा नापास नाही. त्याच्याकडं त्या चार महिन्यात आठवड्याला ४४ तास नाहीत, एवढीच गोष्ट आहे. दुसरा रस्ता मल्टिपल एक्झिटचा, पहिलं वर्ष संपल्यावर ४ क्रेडिटचा स्किलचा जादा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं आणि तीन वर्षाच्या आत परत यायचं. त्याला ते नकोय. तो म्हणतो एकदा बाहेर पडलं की घरचे परत पाठवत नाहीत, नाव कॉलेजात राहिलं पाहिजे. मला पटतं ते. त्याच्या गावात बाहेर पडून परत आलेलं कुणी त्यानं बघितलेलंच नाही.

विद्यापीठाचं परिपत्रक याबद्दल पण आमच्याकडं आलेलं नव्हतं. तरी मॅडम म्हणल्या अर्ज तर करू, मागणी कागदावर गेली पाहिजे, कुणी मागतच नाही म्हणून वर वाटतं गरजच नाही. त्यानं कारखान्यावरून व्हॉट्सॲपला सही पाठवली, मी अर्ज लिहिला, मॅडमनी प्राचार्यांचं कव्हरिंग लेटर लावून पुढं पाठवला. इनवर्ड नंबर मिळालाय. मायनरचे ४ आणि मेजरच्या थिअरीचे ४, हे पेपर त्याला मार्चनंतर येऊन अभ्यास करून देता येतेत. भाषेचे २ त्याला अवघड नाहीत. ओपन इलेक्टिव्हचे २ स्वयमवरून, जानेवारीच्या सत्रात, फडावर संध्याकाळी नेटवर्क येतं म्हणला. झाले १२. प्रॅक्टिकल आणि बाकीचं वाढवून मिळालेल्या सेमला, कारण प्रॅक्टिकलला हजर राहावंच लागतं आणि ते फोनवर होत नाही. उत्तर परीक्षा फॉर्मच्या आत आलं तर असं करायचं ठरलंय, नाही आलं तर मॅडम म्हणल्यात की त्याच अर्जाची प्रत घेऊन आपण विद्यापीठात समक्ष जाऊ, आणि ज्यांना असे कमी क्रेडिट पाहिजेत त्या सगळ्यांचे अर्ज सोबत नेऊ. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या कुणाला गरज असेल तर एचओडींच्या नावानं साध्या कागदावर अर्ज लिहा, कारण स्पष्ट लिहा, कोणते क्रेडिट आत्ता आणि कोणते नंतर तेही लिहा, आणि मॅडमकडं आणून द्या.